डॉक्टर बदलू नकोस, माणसं जोड

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, हे तिसरे डॉक्टर झाले, तरी आईंची धाप काही कमी होत नाही. आता चांगला कोणी असेल तर नाव सांग." नाव सांगायला माझी हरकत नाही. पुण्यात छातीरोगतज्ज्ञ भरपूर आहेत आणि चांगलेही आहेत. पण तू पाठवलेले फायलीचे फोटो रात्री शांतपणे बघितले आणि वाटलं, त्याआधी तुझ्याशी जरा बोलायला हवं. छातीच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. तिथे जे बघितलं तेच सांगते.

तिन्ही डॉक्टरांनी निदान एकच केलंय, सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. औषधंही जवळपास तीच आहेत आणि त्या निदानाला ती योग्य आहेत. चौथे डॉक्टरही बहुधा तेच लिहितील. मग अडतंय कुठे? तिन्ही ठिकाणी तुझ्या सासूबाई पाच-सात मिनिटं डॉक्टरांसमोर बसल्या, चिठ्ठी घेतली आणि घरी आल्या. पंप कसा ओढतात ते त्यांच्याकडून करून घेतलं नाही. रोज किती चालायचं ते कोणी सांगितलं नाही. रात्री घाबरून उठून बसतात, त्याबद्दल तर कोणी विचारलंच नाही. बाळा, या आजाराला एकटा डॉक्टर पुरत नाही, कितीही नावाजलेला असला तरी. डॉक्टरांच्या भोवती आणखी चार माणसं लागतात, आणि ती एकमेकांशी बोलणारी लागतात.

आईंनी आयुष्यात बिडी ओढली नाही, मग त्यांना हे कसं झालं, असं तुझ्या नवऱ्याला वाटतं ना? त्याला सांग, लग्न होऊन आल्यापासून शहरात येईपर्यंत त्या चुलीपुढे बसल्या. ओली लाकडं, शेणाच्या गोवऱ्या, कोंदट स्वयंपाकघर. तो धूर वर्षानुवर्षं श्वासनलिकांत गेला. धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी होतो आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे, हे पुण्याच्याच डॉ. संदीप साळवींनी डॉ. पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर मांडलं. २०१६ च्या मोजणीत आपल्या देशात सीओपीडीचे साडेपाच कोटी आणि दम्याचे पावणेचार कोटींवर रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के, पण श्वसनाच्या जुनाट आजारांच्या एकूण भारात ३२ टक्के. म्हणजे तुमच्या घरात काही जगावेगळं घडलेलं नाही. आणि त्यात आईंचा दोष तर अजिबातच नाही, हे त्यांना कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं. धापेच्या माणसाला उगाच अपराधी वाटत असतं.

अरुंद झालेल्या श्वासनलिका पूर्ववत होत नाहीत, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पंपाने त्या थोड्या मोकळ्या होतात, सूज कमी होते. पण माणूस अंथरुणाला खिळतो तो नुसत्या फुप्फुसामुळे नव्हे. मांड्यांतली ताकद जाते, वजन उतरतं, भीती बसते, पंप चुकीचा ओढला जातो, साधा सर्दी-खोकला अंगावर काढला जातो. यातलं प्रत्येक दुखणं सुधारता येतं, पण ते सुधारणारा माणूस प्रत्येक वेळी वेगळा असतो. २०२१ साली कॉक्रेन या संस्थेने अशा एकत्रित उपचारांवरच्या ५२ अभ्यासांचा आढावा घेतला. वेगवेगळ्या जाणकारांनी मिळून सांभाळलेले रुग्ण जास्त चालू शकत होते, त्यांचं रोजचं जगणं सुधारलं आणि श्वासाच्या त्रासासाठी दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी आली. आजार तोच, औषधं साधारण तीच.

आता फायलीकडे येते. त्यात एक्स-रे आहेत, रक्ताच्या तपासण्या आहेत, सीटी स्कॅनसुद्धा आहे. फुंकर मारण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, मात्र कुठे दिसली नाही. सीओपीडी पक्का ठरतो तो त्यावर. आधी पंपाचं औषध देतात, मग जोरात फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण हवेच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर नळ्या अरुंद आहेत हे सिद्ध होतं. ही तपासणी करून घे, कारण दमा, सीओपीडी आणि ब्राँकिएक्टेसिस (श्वासनलिका रुंद होऊन त्यांत कफ साठणं) या तिघांत खोकला, कफ आणि धाप सारखीच दिसते, पण उपचार वेगळे असतात. आईंना तरुणपणी टीबी झाला होता असं तू मागे म्हणाली होतीस. तेही डॉक्टरांना आठवणीने सांग. भारतातल्या ब्राँकिएक्टेसिसच्या दोन हजारांहून जास्त रुग्णांची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात सर्वांत जास्त आढळलेलं कारण जुना टीबी हेच होतं. तसं काही असेल तर कफ रोज मोकळा करून काढणं हाच उपचाराचा कणा असतो, आणि ते शिकवणं फिजिओथेरपिस्टचं काम. आणि हो, जुना टीबी आहे म्हणून थुंकी न तपासता पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू करू म्हणालं कोणी, तर आधी थुंकीची तपासणी माग.

पंपाबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय. आईंना पंप नको वाटतो, "त्याची सवय लागते, गोळी बरी" असं त्या म्हणतात. हे मी किती तोंडांतून ऐकलंय! साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत चार मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या हिश्शाइतकं. तेही थेट नळ्यांत जातं, सगळ्या अंगात फारसं फिरत नाही. हात थरथरणं, छातीत धडधडणं गोळीने जास्त होतं. पंप हा शेवटचा उपाय नाही, पहिला आहे.

पण तो नीट ओढला तर. वॉर्डात मी रुग्णांना म्हणायचे, माझ्यासमोर घेऊन दाखवा. बहुतेकांचं काहीतरी चुकायचंच. कोणी फवारा जिभेवर मारून गिळायचं, कोणी पंप दाबल्यावर श्वास घ्यायचं. कॅप्सूल पंपात न टाकता पाण्याबरोबर गिळणारेही भेटले. आईंच्या चिठ्ठीत दोन प्रकारचे पंप आहेत आणि दोन्हींची रीत उलट आहे, म्हणून गोंधळ होणारच. फवाऱ्याचा पंप हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबता दाबता सावकाश, खोल श्वास घ्यायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. त्याला स्पेसर, म्हणजे फवारा धरून ठेवणारी नळी, लाव; म्हाताऱ्या हातांना दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमत नाही. कॅप्सूलचा पंप मात्र जोरात आणि भराभर ओढायचा, नाहीतर पूड आतच राहते. ओढून झाल्यावर कॅप्सूल उघडून बघायची, पूड उरली असेल तर पुन्हा ओढायची. स्टेरॉइडचं औषध असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंडात पांढरे चट्टे येत नाहीत. हे शिकवायला डॉक्टरांना वेळ नसेल तर त्यांच्याकडची नर्स शिकवेल. आणि एकदा शिकवून भागत नाही. प्रत्येक भेटीला पंप पिशवीत घालून ने आणि आईंना तिथे ओढून दाखवायला सांग.

फायलीत आणखी एक गोष्ट दिसली. दोन डॉक्टरांनी दिलेल्या पंपांची नावं वेगळी आहेत, पण आतलं औषध एकच आहे. आई दोन्ही घेतायत का? घेत असतील तर उद्याच डॉक्टरांना फोन कर. अशा वेळी औषधाच्या दुकानातला जाणता फार्मासिस्ट उपयोगी पडतो. सगळी औषधं एकाच दुकानातून घे आणि त्यांना एकदा सगळ्या चिठ्ठ्या एकत्र बघायला लाव. ब्लड प्रेशरची, काचबिंदूची, सांधेदुखीची, सगळ्या. काचबिंदूच्या काही थेंबांनी श्वासनलिका आकसतात, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते थेंब बदलून देतात. ही दोन खाती एकमेकांशी बोलली नाहीत तर आपण बोलायला लावायचं.

आता माझ्या विषयाकडे येते. धाप लागते म्हणून आई बसून राहतात, आणि तुम्ही सगळे प्रेमाने त्यांना बसवून ठेवता. पाण्याचा तांब्याही हातात देता. बसल्याने मांड्या आणि पोटऱ्या सैल पडतात. सैल स्नायूंना त्याच कामाला जास्त प्राणवायू लागतो, म्हणून पुढच्या वेळी आणखी लवकर धाप लागते आणि माणूस आणखी बसतो. हे चक्र औषधाने मोडत नाही, चालण्याने मोडतं. त्यासाठी जी आखणी असते तिला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात. आधी तीस मीटरच्या सरळ वाटेवर सहा मिनिटं चालायला लावतात, किती अंतर झालं आणि बोटावरच्या यंत्रात प्राणवायू किती उतरला ते बघतात. त्यावरून व्यायाम ठरतो. आठवड्यातून दोन-तीनदा, किमान सहा ते आठ आठवडे. चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, हातांत हलकी वजनं. त्याबरोबर श्वासाची रीत: नाकाने घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठ मिटत आणून हळूहळू सोडायचा. वाकताना, उठताना, जिना चढताना श्वास सोडायचा. इतकं साधं आहे, पण समोर बसून कोणी करून घेतल्याशिवाय ते अंगात येत नाही.

याचा उपयोग होतो का, अशी शंका तुझ्या नवऱ्याने काढली होती. २०१५ मध्ये कॉक्रेनने अशा ६५ चाचण्या एकत्र तपासल्या आणि सीओपीडीत फायदा होतो की नाही हे ठरवायला आणखी चाचण्यांची गरजच उरलेली नाही, असं म्हटलं. इतकं ठाम विधान वैद्यकात क्वचित केलं जातं. तरीही हे लोकांपर्यंत पोचत नाही. अमेरिकेत २०१४ साली सीओपीडीसाठी भरती झालेल्या सुमारे दोन लाख वृद्ध रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा घरी गेल्यावर तीन महिन्यांत हे सुरू करणारे शंभरात दोघेही नव्हते. ज्यांनी केलं त्यांच्यात वर्षभरातले मृत्यू कमी दिसले. तेव्हा आपल्याकडे कोणी सुचवलं नाही म्हणून हळहळत बसू नकोस, तूच विचार. मागच्या हिवाळ्यात आई भरती होत्या ना? घरी सोडतानाच फिजिओथेरपीची चिठ्ठी मिळायला हवी होती. अजूनही उशीर झालेला नाही.

भीतीचं काय करायचं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. श्वास अडकला की माणसाला मरण समोर दिसतं. ते दोन-चार वेळा झालं की तो बाथरूमची कडी लावायला घाबरतो, एकटा झोपायला घाबरतो, लग्नाकार्याला जाणं सोडतो. घरातले म्हणतात, चिडचिड वाढली आहे, वयाने होतं. वयाने होत नाही गं. या आजारात उदासी आणि घबराट खूप जणांना गाठते, आणि तिच्यावर उपचार आहेत. समुपदेशकाकडे नेऊ म्हटलं तर आई म्हणतील, मी काय वेडी आहे का. मग तसं म्हणू नकोस. "श्वासाची भीती जाण्यासाठी एक बाई शिकवतात" असं सांग. ते खरंही आहे. झोपेची गोळी मात्र मनाने देऊ नकोस, अशा रुग्णांत काही गोळ्यांनी श्वास मंदावतो.

आणि एकदा त्यांच्याजवळ बसून विचार, आई, तुम्हाला काय करता यायला हवं? डॉक्टरांना आकडे सुधारायचे असतात, तुला त्यांचा खोकला थांबायला हवा असतो. त्यांना कदाचित वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला जायचं असेल. तसं असेल तर दोन जिने हेच ध्येय फिजिओथेरपिस्टला सांग. तेवढ्यासाठी त्या मनापासून व्यायाम करतील. या सगळ्या माणसांच्या मधोमध आईच आहेत, त्यांना न विचारता ठरवलेलं काही टिकत नाही.

खाण्याचं थोडक्यात सांगते. कफ होतो म्हणून तुम्ही दूध, दही, केळी, भात, सगळंच बंद केलंय आणि त्यांचं वजन उतरतंय. दुधाने फुप्फुसात कफ वाढतो याला पुरावा नाही. सीओपीडीत वजन घटणं मात्र खरोखर वाईट. पोट गच्च भरलं की श्वासाला जागा उरत नाही, म्हणून थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या. मुगाचं धिरडं, अंडं, डाळ, शेंगदाण्याची चटणी, भाकरीवर तूप, जे त्यांना आवडेल ते. डायबिटीस किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आहारतज्ज्ञ मोजून लिहून देतील.

ऑक्सिजनच्या मशीनची चौकशी तू केलीस. थांब जरा. धाप लागते म्हणून ऑक्सिजन लागतोच असं नाही. रक्तात तो खरोखर कमी असला, आराम करतानाही ८८ टक्के किंवा खाली राहत असला, तरच डॉक्टर तो लिहून देतात. मग तो दिवसात किमान पंधरा तास घ्यायचा असतो, अर्धा तास घेऊन उपयोग नाही. बरं वाटावं म्हणून काटा मनाने वाढवायचा नाही, काही रुग्णांत त्याने कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. आणि मशीन घरात आलंच तर देवघरातली समई, निरांजन, उदबत्ती त्या खोलीपासून लांब. ऑक्सिजनजवळ ठिणगीसुद्धा नको. तसंही धूप आणि मच्छर अगरबत्ती आजच बंद कर. तुझा नवरा गॅलरीत जाऊन सिगरेट ओढतो, त्याचा वास कपड्यांबरोबर आत येतो आणि धूरही. सोडायचं मनात असेल तर १८००११२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे मदत मिळते. आईंची मिश्रीही सोडवायला हवी. ती भाजतानाचा धूर छातीत जातो आणि तंबाखू तोंडाचं वाटोळं करते.

एक कागद डॉक्टरांकडून लिहून घे आणि फ्रिजवर लाव. कफ पिवळा-हिरवा आणि घट्ट झाला, धाप नेहमीपेक्षा वाढली, तर कोणतं औषध कधी सुरू करायचं आणि कोणाला फोन करायचा. ओठ-नखं निळी पडली, बोलताना वाक्य पुरं होईना, पेंग आली किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर फोनाफोनी न करता १०८ ला कळवायचं. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. दिवाळीच्या धुराच्या दिवसांत खिडक्या बंद ठेवा.

ही सगळी माणसं एका छताखाली मिळतील का, असं तू विचारशील. मोठ्या खाजगी रुग्णालयांत मिळतात, पण खर्च येतो. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात, किंवा मुंबईच्या केईएममध्ये, सायनला, छातीरोग, फिजिओथेरपी, आहार आणि समाजसेवा हे विभाग एकाच आवारात आहेत. रांग असते हे खरं. तिथल्या समाजसेवकांना भेटलीस तर कोणत्या योजनेत काय बसतं ते ते सांगतात. ते जमत नसेल तर एक छातीरोगतज्ज्ञ कायमचे ठरव, घराजवळचे फॅमिली डॉक्टर त्यांच्या जोडीला ठेव आणि बाकीची माणसं एकेक करून जोड. सगळ्यांची टिपणं एकाच वहीत. प्रत्येकाने त्यात लिहायचं, पुढच्याने वाचायचं. एकत्र बसून चर्चा करणारी टीम नाही मिळाली, तर ती वही टीमचं काम बरंचसं करते.

आणि तू. वही तुझ्याकडे, पंप तुझ्याकडे, फोन तुझ्याकडे, स्वयंपाक तुझ्याकडे, असं होऊ देऊ नकोस. सासूबाईंना सांभाळणारी सून म्हणून सगळे कौतुक करतील आणि काम तुझ्याच अंगावर टाकतील. रात्रीची पाळी नवऱ्याची. फिजिओथेरपीला नेणं नणंदेचं, ती जवळच राहते. तुझ्या पाठीचं दुखणं अंगावर काढू नकोस, तूही माणूस आहेस. तू आजारी पडलीस तर आईंचा पंप कोण भरणार?

तेव्हा सध्या चौथे डॉक्टर शोधू नकोस. आत्ताच्या डॉक्टरांची वेळ घे. जाताना दोन्ही पंप, सगळ्या चिठ्ठ्या आणि कोरी वही बरोबर ने. तीन गोष्टी माग: स्पायरोमेट्री, फिजिओथेरपीची चिठ्ठी आणि फ्रिजवर लावायचा तो कागद. त्यांनी दिल्या तर तेच तुमचे डॉक्टर. नाही दिल्या तर मला फोन कर, मी नाव सांगते.